कारखान्यात पाणी शिरलं, आता नफा-तोटा पत्रकात काय लिहायचं?

पाणी ओसरलं की हिशेब विभागात पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, हे नुकसान ऑपरेटिंग नफ्याच्या वर दाखवायचं की खाली?" ऑपरेटिंग नफा म्हणजे व्याज आणि कर वजा करण्याआधीचा, धंद्यातून निघालेला नफा. विचारणाऱ्याला 'खाली' हे उत्तर ऐकायचं असतं. खाली टाकलं की ऑपरेटिंग नफा शाबूत राहतो आणि बँकेपुढे ठेवायचा आकडा देखणा दिसतो. मी दरवेळी 'वर' म्हणून सांगते. शेड, यंत्रं, माल सगळं धंद्यासाठीच मांडलेलं होतं, मग त्यांचं बुडणं धंद्याबाहेरचं कसं?

हा काही माझा एकटीचा हट्ट नाही. आंतरराष्ट्रीय हिशेब मानकांपैकी (आयएएस) पत्रकांच्या मांडणीचं जे मानक, त्या आयएएस १ नुसार कुठल्याही खर्चाला किंवा उत्पन्नाला 'असाधारण बाब' असं नाव देऊन वेगळं काढता येत नाही. पत्रकातही नाही आणि टिपांतही नाही. अमेरिकेत ही सोय बरीच वर्षं होती. तिथल्या तेव्हाच्या मानककर्त्या मंडळाच्या, म्हणजे एपीबीच्या, १९७३ च्या मत क्रमांक ३० ने दोन अटी घातल्या होत्या: घटना धंद्याच्या स्वरूपाशी विसंगत हवी, आणि सहसा पुन्हा न घडणारी हवी. त्यावरच्या स्पष्टीकरणातली उदाहरणं वाचण्यासारखी आहेत. तंबाखू उत्पादकाचं पीक गारपिटीने गेलं आणि त्या भागात अशी गारपीट क्वचितच होते, तर ते असाधारण. फ्लोरिडातल्या संत्री-लिंबू बागायतदाराचं पीक गोठलेल्या दहिवराने गेलं, तर ते साधं नुकसान, कारण तिथे दर तीन-चार वर्षांनी दहिवर पडतंच. संकट कितीही मोठं असो, त्या जागी ते अधूनमधून येत असेल तर ते असाधारण नव्हे.

सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर ही व्यवस्था उघडी पडली. त्या नुकसानीला 'असाधारण' म्हणायचं नाही, असं तिथल्या मानककर्त्यांच्या कार्यगटाने ठरवलं, कारण हल्ल्याचा परिणाम कुठे संपतो आणि एरवीच्या मंदीचा कुठे सुरू होतो, हे सोडवून दाखवणंच शक्य नव्हतं. पुढे जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेने ती संकल्पनाच काढून टाकली. वेगळी किंवा क्वचित घडणारी बाब वेगळी दाखवा, पण नफ्याच्या चौकटीबाहेर हलवू नका, अशी आज दोन्हीकडे रीत आहे.

आधी नेहमीच्या खर्चाची घडी

पुराचे आकडे मांडण्याआधी आपलं पत्रक कुठल्या पद्धतीचं आहे ते बघा. दोन पद्धती आहेत. एकीत खर्च त्याच्या जातीनुसार येतो: कच्चा माल, पगार, घसारा, वीज, साठ्यातला फरक. दुसरीत कामानुसार येतो: विकलेल्या मालाचा खर्च, विक्री व वितरण, प्रशासन. कामानुसार मांडणाऱ्याला घसारा आणि पगाराचे एकूण आकडे टिपेत वेगळे द्यावेच लागतात. १ जानेवारी २०२७ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना लागू असलेलं मांडणीचं नवं आंतरराष्ट्रीय मानक, आयएफआरएस १८, आणखी पुढे जातं. मालमत्तेचा मूल्यऱ्हास (तिच्यातून वसूल होण्याजोगी रक्कम पुस्तकी किमतीखाली गेल्याने होणारी घट) आणि साठ्याची घट हेही त्याच टिपेत मागतं, आणि त्यातलं किती कुठल्या ओळीत गेलं तेही सांगायला लावतं.

याच मानकात ऑपरेटिंग हा 'उरलेल्या सगळ्याचा' वर्ग आहे. जे गुंतवणुकीत, वित्तपुरवठ्यात, आयकरात किंवा बंद केलेल्या धंद्यात बसत नाही, ते सगळं ऑपरेटिंग. नेहमीचं असो वा नसो. तेव्हा पुराचं नुकसान 'खाली' ढकलण्याची उरलीसुरली पळवाटही गेली. कर्जावरचं व्याज मात्र पुरामुळे घेतलेल्या कर्जाचं असलं तरी वित्त खर्चातच राहतं.

मोजणी: चिखल धुण्याआधी

हा भाग हिशेबनिसांना कंटाळवाणा वाटतो, पण सगळे वाद इथूनच निघतात. यंत्रावर पाण्याची रेघ कुठवर आली त्याचा फोटो, त्यात यंत्राचा मालमत्ता क्रमांक दिसतोय ना ते बघून, तारखेसह. रॅकचा फोटो लॉट नंबरसह. विम्याचा सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेला माल भंगारात घालू नका. कुजणारा किंवा धोकादायक माल असेल तर सर्व्हेअरला लेखी कळवून, नमुना काढून ठेवून मगच हलवा.

स्टॉक रजिस्टर भिजलं असेल तर खरेदीची बिलं, गेटपास, उत्पादनाच्या रोजच्या नोंदी आणि शेवटची प्रत्यक्ष मोजणी यांवरून साठा मागून पुढे बांधून काढावा लागतो. तो बांधताना तुमच्या गोदामातला दुसऱ्याचा माल वेगळा काढा. जॉबवर्कसाठी आलेला ग्राहकाचा माल वाहून गेला, तर ती तुमच्या साठ्याची घट नव्हे. त्याची भरपाई करारानुसार तुमच्यावर येत असेल तर ते देणं म्हणून येईल. उलट तुमचा जो माल दुसऱ्याच्या शेडमध्ये होता, तो यादीत आलाच पाहिजे.

आता एक अवघड गोष्ट. पुरात सगळ्यात जास्त वाहून जातो तो मेलेला माल. गेली कित्येक वर्षं न हललेले सुटे भाग, रद्द झालेल्या मॉडेलची बॉडी, ग्राहकाने परत पाठवलेले नग हे सगळं पुराच्या यादीत पूर्ण किमतीला येऊन बसतं. मी यादीला एक रकाना जोडते: शेवटची हालचाल कधी झाली. ज्या मालाची किंमत पुराच्या आदल्या दिवशीच उतरलेली होती, ती घट पुराची नाही. ती आधीच्या कारभाराची आहे आणि तिथेच दाखवली पाहिजे. मागच्या वर्षी ती दाखवायची राहून गेली असेल आणि रक्कम मोठी असेल, तर तो जुन्या चुकीचा वेगळा विषय होतो आणि ऑडिटरशी आधीच बोललेलं बरं.

एक कारखाना घेऊन बघू

पाण्याचे पंप बनवणारा कारखाना धरा. आकडे लाखांत, चलन कुठलंही.

कच्चा माल पुस्तकात ४०, सगळा भिजला, भंगारात ३ येतील. नुकसान ३७. अर्धवट तयार माल २५, सगळा गेला. तयार पंप ६० चे. त्यातले निम्मे वरच्या रॅकवर कोरडे राहिले, त्यांना हात लावायचा नाही. उरलेल्या ३० च्या पंपांच्या मोटारी काढून वाळवून, नवं वेष्टन घालून ते २० ला विकले जातील. वाळवण्याचा खर्च ४ आणि विक्रीचा १. म्हणजे त्यांची विक्रीतून निव्वळ वसुली १५, आणि घट १५. साठ्याचं एकूण नुकसान ७७.

इथे एक खाच आहे. वाळवण्याचे ते ४ घट मोजताना आधीच धरले गेलेत. पुढच्या महिन्यात वर्कशॉपचं बिल आलं की कुणीतरी ते 'पूर-साफसफाई' या खात्यात टाकतं आणि तोच खर्च दोनदा लागतो. त्या बिलावर 'साठ्यात जमा' असा शिक्का मारून ठेवा.

आता स्थिर उत्पादन खर्च. शेडचं भाडं, सुपरवायझरचे पगार, यंत्रांचा घसारा मिळून महिन्याला ३०. नेहमीच्या क्षमतेला महिन्यात १,००० पंप निघतात, म्हणजे पंपामागे ३,०००. पुराच्या महिन्यात निघाले २००. ३० ला २०० ने भागलं तर पंपामागे १५,००० येतात, आणि शिल्लक पंपांच्या किमतीत बंद कारखान्याचा खर्च लपून बसतो. आयएएस २ ला हे चालत नाही. यंत्रं बंद राहिली म्हणून नगामागचा स्थिर खर्च वाढवायचा नाही. २०० पंपांना ६ लावा. उरलेले २४ त्याच काळात सरळ खर्च, आणि तेही विकलेल्या मालाच्या खर्चात. यंत्र बंद होतं म्हणून घसारा थांबवायचा का, असंही विचारलं जातं. नाही. घसारा उत्पादनाच्या नगांवर मोजत असाल तरच बंद काळात तो शून्य येऊ शकतो.

दोन यंत्रं बुडाली. एकाची पुस्तकी किंमत, म्हणजे घसारा वजा जाता उरलेली, ३०, दुरुस्तीपलीकडे गेलं, भंगार २. नुकसान २८. यंत्र विकत घेताना ८० दिले होते, हा आकडा आता फक्त मालमत्ता रजिस्टरमधून काढण्यापुरता. मोडक्या यंत्राचं नुकसान पुस्तकी किमतीवर मोजायचं. मूळ किमतीवर नाही आणि नव्याच्या किमतीवर तर नाहीच. दुसरं यंत्र १२ खर्चून पूर्वीसारखं चालू झालं. ते १२ दुरुस्ती खर्च. दुरुस्तीत एखादा मोठा भाग बदलला, उदाहरणार्थ अख्खा कंट्रोल पॅनेल, तर नवा भाग मालमत्तेत घेता येतो, पण जुन्या भागाची उरलेली किंमत त्याच वेळी पुस्तकातून काढावी लागते. भौतिक नुकसान हे मूल्यऱ्हास तपासण्याचं कारण आयएएस ३६ मध्येच नोंदलेलं आहे. त्यामुळे जी यंत्रं 'चालतात' असं सांगितलं जातं, त्यांचीही तपासणी कागदावर हवी.

साफसफाई, गाळ काढणं, विजेची तपासणी: ६.

बेरीज: साठा ७७, पंपांच्या किमतीत न लावलेला (पुढे 'न लागलेला') स्थिर खर्च २४, यंत्र २८, दुरुस्ती १२, साफसफाई ६. एकूण १४७.

यात न झालेल्या विक्रीचा नफा नाही. ८०० पंप विकले असते तर इतके मिळाले असते, हे विम्याच्या क्लेमसाठी मोजा. नफा-तोटा पत्रकात न मिळालेल्या उत्पन्नाला खर्च म्हणून जागा नाही.

पुराचं नाव घेऊन येणारा प्रत्येक खर्चही पुराचा नसतो. २०११ च्या उत्तरार्धात थायलंडमधल्या अयुथ्या परिसरातल्या औद्योगिक वसाहती पाण्याखाली गेल्या. होंडाचा मोटार कारखाना आणि वेस्टर्न डिजिटलचा हार्ड डिस्कचा कारखाना त्यात बुडाले. जगभर हार्ड डिस्कचे भाव चढले. ज्यांचा माल भिजला त्यांचं ते नुकसान. पण दूर कुठेतरी कोरड्या शेडमध्ये बसून महाग डिस्क विकत घेणाऱ्या संगणक उत्पादकासाठी तो नेहमीचा कच्च्या मालाचा खर्चच, फक्त वाढीव भावाचा. ती वाढ 'पुराचं नुकसान' म्हणून वेगळी काढायला लागलं तर शेवट राहत नाही. अमेरिकेचा कार्यगट २००१ मध्ये अडला तो इथेच.

विमा: वेगळी घटना, वेगळी तारीख

माझ्या मते सगळ्यात जास्त गफलत इथे होते. लोक म्हणतात, "नुकसान १४७, क्लेम १३० चा टाकलाय, म्हणजे खरं नुकसान १७." नाही. आयएएस १६ यात तीन घटना बघतं: मालमत्तेचं नुकसान, तिसऱ्याकडून मिळणारी भरपाई, आणि नव्या मालमत्तेची खरेदी. तिन्ही आपापल्या तारखेला, आपापल्या रकमेने नोंदवायच्या.

नुकसान ज्या दिवशी झालं त्या काळात. भरपाई मात्र ती येणं जवळपास निश्चित झाल्यावरच. क्लेम फॉर्मवरची पोच म्हणजे निश्चिती नव्हे. सर्व्हेअरचा तोंडी अंदाजही नव्हे. विमा कंपनीने जबाबदारी आणि रक्कम लेखी मान्य केली, की मी येणं धरते. भरपाई मिळण्याची शक्यता जास्त आहे पण निश्चिती नाही, एवढ्यावर ती फक्त टिपेत सांगता येते. अमेरिकेच्या नियमांत इथे फरक आहे. तिथे नोंदवलेल्या नुकसानीपुरती भरपाई 'संभाव्य' झाली तरी धरता येते, पण नुकसानीपेक्षा जास्तीची रक्कम लाभ म्हणून थांबावी लागते.

आपल्या पंप कारखान्यात वर्षअखेरपर्यंत साठ्यापोटी ६५ लेखी मान्य झाले, यंत्राचा वाद चालू आहे. तर ६५ इतर ऑपरेटिंग उत्पन्नात, येणं म्हणून. ते १४७ मधून वजा करून एकच आकडा छापू नका. वाचणाऱ्याला नुकसान किती आणि विमा किती हे दोन्ही दिसलं पाहिजे. यंत्राचा क्लेम टिपेत.

पुढच्या वर्षी यंत्रापोटी ६० मिळाले आणि नवं यंत्र ८५ ला आलं. आता मोह होतो ८५ मधून ६० वजा करून यंत्र २५ ला पुस्तकात घ्यायचा. ते ६० त्या वर्षीचं उत्पन्न आहे, यंत्र ८५ लाच येईल आणि घसारा ८५ वर. त्यामुळे पहिल्या वर्षी तोटा आणि दुसऱ्या वर्षी लाभ अशी उडी दिसते, संचालक वैतागतात. ती उडी खरी आहे. दोन ओळींची टीप लिहा, आकडा वाकवू नका.

सरकारी मदत मिळाली तर ती विम्यात मिसळू नका. झालेल्या नुकसानीपोटीचं अनुदान ते मिळण्याजोगं झालं त्या काळातलं उत्पन्न असतं, आणि अटी पूर्ण होतील याची वाजवी खात्री हवी.

मांडणी

कामानुसार पत्रक असेल तर मी अशी मांडते: साठ्याचे ७७ आणि न लागलेले २४ असे १०१ विकलेल्या मालाच्या खर्चात. यंत्र, दुरुस्ती, साफसफाई मिळून ४६ इतर ऑपरेटिंग खर्चात. मग एकच टीप, 'पुराचा परिणाम' या साध्या मथळ्याची. तिच्यात पाचही रकमा, प्रत्येकीपुढे ती कुठल्या ओळीत आहे ते, खाली विम्याचे ६५ आणि ते कुठे आहेत ते. काहीजण पत्रकाच्या तोंडावरच पुराची वेगळी ओळ काढतात. ऑपरेटिंग वर्गात राहून तसं करायला हरकत नाही, पण न लागलेला स्थिर खर्च त्या ओळीत ओढता येणार नाही. त्याची जागा विकलेल्या मालाच्या खर्चातच आहे.

व्यवस्थापनाला 'पूर वगळून नफा' सांगायचाच असेल तर सांगू द्या. आयएफआरएस १८ मध्ये असा बाहेर जाहीर केलेला आकडा टिपेत आणावा लागतो आणि मानकातल्या आकड्याशी जुळवून दाखवावा लागतो, म्हणजे तो ऑडिटमध्येही येतो. पूर वगळता तर त्याच वेळी विम्याचे ६५ ही वगळा, एवढंच माझं म्हणणं. नुकसान बाजूला आणि भरपाई आत, अशी गणितं मी पाहिली आहेत.

तारखेचे दोन पेच

पूर वर्ष संपल्यावर आला, पण हिशेबांवर सह्या व्हायच्या आहेत. अशा वेळी सरलेल्या वर्षाच्या आकड्यांना हात लावायचा नाही. ताळेबंदाच्या तारखेला माल कोरडा होता. टिपेत घटना काय आणि अंदाजे परिणाम किती ते लिहायचं. अंदाज करता येत नसेल तर तसं स्पष्ट लिहायचं. अपवाद एकच, आणि तो मोठा: धंदा चालू राहणारच नाही अशी स्थिती असेल, तर सगळे हिशेबच वेगळ्या पायावर करावे लागतात.

पूर वर्ष संपण्याआधी आला, पण दुरुस्ती पुढच्या वर्षी होणार, हा दुसरा पेच. १२ ची तरतूद आत्ताच करून ठेवू, म्हणजे सगळं वाईट एकाच वर्षात संपेल, असा सल्ला हमखास येतो. आयएएस ३७ नुसार पुढे करायच्या दुरुस्तीची तरतूद होत नाही, कारण यंत्र दुरुस्त करायचं की विकायचं हे अजून तुमच्याच हातात आहे. पुढच्या तिमाहीत होणाऱ्या तोट्याचीही होत नाही. पुढच्या पुरासाठी दरवर्षी थोडं बाजूला काढणं हाही खर्च नव्हे. राखीव निधीत टाकायचं तर नफा ठरल्यानंतर टाका. मिस्त्रीने वर्षअखेरपर्यंत जेवढं काम केलं, तेवढंच बिल, आलेलं असो वा नसो, त्या वर्षात धरायचं. त्यासाठी शेवटच्या दिवशी शेडमध्ये जाऊन कुठली मोटार उघडली गेली आहे आणि कुठली अजून गाळातच आहे, हे बघून कामाच्या कार्डावर मिस्त्रीची सही घ्यावी.